के. भागवत, के. सोहोनी

संशोधन संस्थेच्या ग्रंथालयातल्या माणसाला वर्षातून एकदाच भाव येतो. बढतीचे अर्ज निघाले की एरवी पुस्तक परत करायला शिपायाला पाठवणारे शास्त्रज्ञ स्वतः येऊन टेबलाशी उभे राहतात. त्यांना तीन आकडे हवे असतात: निबंध किती, सायटेशन्स (म्हणजे इतरांच्या निबंधांत त्यांचे उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती. बंगळुरूतली माझी सगळी नोकरी हे आकडे काढून देण्यात गेली.

एका वर्षी एक बाई आल्या. जीवरसायनशास्त्रातल्या, मराठी, म्हणून कामाचं बोलणंही माझ्याशी घरच्यासारखं. त्यांचे सुरुवातीचे निबंध माहेरच्या आडनावाने छापलेले, नंतरचे सासरच्या. सायटेशन्स मोजणाऱ्या यंत्राने एकीच्या दोघी करून ठेवल्या होत्या. पहिलीची कारकीर्द लग्नाच्या वर्षी संपलेली, दुसरीची त्याच वर्षी कुठूनशी एकदम सुरू झालेली, आणि समितीच्या दृष्टीने दोघीही बेताच्या. दुरुस्तीचा अर्ज केला. तो मान्य होऊन येईपर्यंत समितीची बैठक उरकली होती. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लग्नात नाव बदललं तेव्हा निदान ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून सगळ्यांना दाखवलं होतं हो."

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी शोधाच्या चौकटीत त्यांच्याच विषयातल्या कमलाबाई सोहोनींचं नाव घातलं. त्यांच्याही दोघी निघाल्या. 'के. सोहोनी' एका बाजूला, 'के. भागवत' दुसऱ्या. त्यातून भागवत हे आडनाव त्यांच्या निबंधांवर रोमन लिपीत 'व्ही'ने छापलेलं, आणि आज लेख लिहिणारे ते 'डब्ल्यू'ने लिहितात. म्हणजे तिसरी निघायलाही वाव होता. या दोघी-तिघींना एका जागी आणायचं, त्यांच्या निबंधांपाशी थांबून प्रत्येकात काय केलं आहे ते मराठीत सांगायचं, असं तेव्हा मनात आलं. हे पुस्तक, म्हणजे त्यांच्या निबंधांची ही टिपणांसह सूची, त्यातून झालं.

कमलाबाई कोण, हे मराठी वाचकाला दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण असं सांगितलं की चटकन कळतं. दुर्गाबाई 1910च्या, या 1911च्या, जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून रसायनशास्त्र शिकून आलेले. (भारतीय विज्ञान संस्थेला बंगळुरूतले जुने लोक अजूनही टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात, रिक्षावाल्याला तेच सांगावं.) मुलीने 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने केली आणि घरच्या वहिवाटीप्रमाणे बंगळुरूला अर्ज धाडला. त्याच वर्षी सी. व्ही. रामन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार बाई आहे.

पुढची गोष्ट आता शाळेतल्या मुलींनाही पाठ असते. कमलाबाई बंगळुरूला गेल्या, संचालकांच्या दारात ठाण मांडलं, आणि शेवटी रामन यांनी अटी घालून प्रवेश दिला. पहिलं वर्ष परीक्षेचं, तेवढं काम पसंत पडलं तरच नाव कायम. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-बेरात्रीही, काम. आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण अपमान विसरल्या नाहीत. साठ वर्षांनंतर जाहीर सभेत त्यांनी तो बोलून दाखवला.

गोष्ट खरी आहे आणि सांगायलाच हवी. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने 2008 साली भारतीय स्त्री-वैज्ञानिकांवर 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक काढलं. ही अकॅडमी रामन यांनीच 1934 साली बंगळुरूत स्थापन केलेली आणि पुस्तकाच्या एक संपादक पुण्याच्या रोहिणी गोडबोले, तेव्हा त्याच टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक. एवढा काव्यगत न्याय नाटकात दाखवला तर प्रेक्षक विश्वास ठेवणार नाहीत. तरी माझी एक तक्रार आहे. ही गोष्ट इतकी गाजली की तिने कमलाबाईंचं काम झाकून टाकलं. रामन यांनी एक वर्ष दिलं, हे सगळे सांगतात. त्या वर्षात बाईंनी केलं काय, हे विचारा, गप्प बसतात.

त्यांनी डाळी केल्या. मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या, विषय दूध आणि कडधान्यांतली प्रथिनं. 1935 साली 'बायोकेमिकल जर्नल' या इंग्लंडमधल्या नियतकालिकात भागवत आणि श्रीनिवासय्या यांचा निबंध छापून आला, कडधान्यांतल्या प्रथिनेतर नायट्रोजनवर. मथळा वाचून झोप येईल, पण थोडं थांबा. डाळीत प्रथिनं किती, हे कुणी थेट मोजत नाही. केल्डाल नावाच्या डॅनिश रसायनतज्ज्ञाने 1883 साली पद्धत बसवून दिली: नमुना तीव्र आम्लात शिजवायचा, त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला 6.25ने गुणायचं. आलेला आकडा प्रथिनांचा. गृहीत असं की सगळा नायट्रोजन प्रथिनांतूनच आला. तो तसा येत नाही. त्यातला काही सुट्या अमिनो आम्लांतून आणि इतर लहान रेणूंतून येतो, आणि तेवढ्यापुरतं आपलं गणित फुगतं. चीनमध्ये 2008 साली दुधात मेलामाइन मिसळून बाळांच्या जिवाशी खेळ झाला तो याच फटीतून. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, प्रथिन शून्य. ज्या देशातली बहुसंख्य माणसं प्रथिनांसाठी डाळीवर विसंबून आहेत, तिथे डाळीतला खोटा नायट्रोजन किती, हे कुणीतरी बसून मोजायलाच हवं होतं. परीक्षेच्या वर्षावर घेतलेल्या विशीतल्या मुलीने ते मोजायला घेतलं. मटकीच्या प्रथिनांवरही त्यांचं त्या काळातलं काम आहे. इंग्रजी मथळ्यात तिचं नाव 'अकोनाइट बीन' असं काही भयंकर दिलं असल्याने मराठी माणसाला ती ओळखूच येत नाही.

1936ला एम.एस्सी., 1937ला केंब्रिज. तिथलं पहिलं काम डेरेक रिक्टर यांच्याबरोबर. 1938 साली 'बायोकेमिकल जर्नल'मध्येच, प्राण्यांतल्या फिनॉलेज या विकरांवर आणि अ‍ॅड्रिनलिनवर. मग रॉबिन हिल. वनस्पतीचं प्रकाशसंश्लेषण शिकताना ज्यांच्या नावाची 'हिल अभिक्रिया' येते तेच हे हिल, आणि त्यांचं ते काम याच वर्षांतलं. हिल आणि भागवत यांचं 'नेचर'मधलं टिपण 1939चं, फुलझाडांतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर.

इथे सूची हातात असल्याचा फायदा दिसतो. वृत्तपत्रांतल्या लेखांत नेहमी येतं की वनस्पतींत सायटोक्रोम असतं हे कमलाबाईंनी शोधलं. केंब्रिजच्याच डेव्हिड कीलिन यांचा 1925चा निबंध काढा. सायटोक्रोम हे रंगद्रव्य प्राणी, यीस्ट आणि उच्च वनस्पती यांच्यात सामाईक आहे, असं त्याच्या मथळ्यातच म्हटलेलं आहे. तेव्हा शोधाचं श्रेय तसं देता येत नाही, आणि कमलाबाईंनी ते मागितलेलंही दिसत नाही. त्यांच्या निबंधाचा मथळा विकराबद्दल आहे. पेशी श्वास घेते म्हणजे अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनकडे पोचवते. सायटोक्रोम त्या साखळीतली माणसं, आणि शेवटचं माणूस, जे प्रत्यक्ष ऑक्सिजनच्या हातात देतं, ते सायटोक्रोम ऑक्सिडेज. सायनाइड याच माणसाचा गळा धरतं. पण कित्येक वनस्पती सायनाइड घालूनही श्वास घेत राहतात. मग त्यांच्यात हे शेवटचं माणूस आहे की नाही? प्रश्न खरा होता. हिरव्या पानात क्लोरोफिलच्या रंगाखाली असली फिकट रंगद्रव्यं बुडून जातात. बटाट्याला तो त्रास नाही. कमलाबाई बटाट्याकडे वळल्या यात मला तरी स्वयंपाकघरातलं शहाणपण दिसतं. प्रबंध चाळीस पानांचा झाला आणि त्यावर 1939 साली केंब्रिजने पीएच.डी. दिली. विज्ञानात पीएच.डी. मिळवलेल्या पहिल्या भारतीय स्त्री, असं त्यांच्याबद्दल म्हणतात. जानकी अम्मल यांना मिशिगनची डी.एस्सी. 1931 साली मिळाली होती, तेव्हा 'पहिल्या' हा शब्द लिहिताना पदवीचं नाव नीट लिहावं एवढंच.

आता दोन नोंदी शेजारी ठेवून बघा. 1939: हिल, भागवत. 1951: भागवत, हिल. दुसरा निबंध 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मधला, विषय तोच, उच्च वनस्पतींतलं सायटोक्रोम ऑक्सिडेज, आणि लांबीला मात्र चांगला ऐसपैस. नावांचा क्रम उलटला आहे आणि मधे बारा वर्षं गेली आहेत. त्या बारा वर्षांत महायुद्ध झालं. कमलाबाई देशात परतून दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथून कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. देश स्वतंत्र झाला. 1947 साली मा. वि. सोहोनींशी लग्न झालं, ते विमागणिती. बिऱ्हाड मुंबईला आलं. आणि लग्नानंतर चार वर्षांनी छापलेल्या या निबंधावर नाव आहे के. भागवत. का, ते निबंधात सांगितलेलं नाही. काम भागवतांनी केलं होतं, सोहोनींनी नाही, असा सरळ हिशेब असेल.

मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये मात्र त्या सोहोनी झाल्या, आणि इथून पुढच्या निबंधांत प्रयोगशाळेच्या जोडीला वाण्याचं दुकान दिसायला लागतं. 1955 साली 'नेचर'मध्ये सोहोनी आणि आंबे यांचं टिपण आलं: भारतीय 'फील्ड बीन' आणि 'डबल बीन' यांतून काढलेले ट्रिप्सिनरोधकांचे स्फटिक. फील्ड बीन म्हणजे आपले वाल. डबल बीन म्हणजे डबल बी.

ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यातलं प्रथिनं तोडणारं विकर. कच्च्या कडधान्यांत त्याला अडवणारे रेणू असतात. ते ट्रिप्सिनला जाऊन चिकटतात आणि त्याचं काम बंद पाडतात. प्रथिन पोटात गेलं तरी अंगी लागत नाही. कच्च्या सोयाबीनवर उंदीर धड वाढत नाहीत आणि शिजवलेल्यावर वाढतात, हे ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी अमेरिकेत 1917 साली दाखवलं. 1945 साली कुनिट्झ यांनी सोयाबीनमधला रोधक स्फटिकरूपात वेगळा काढला. स्फटिक मिळणं ही त्या काळी शुद्धतेची पावती. रेणू एकटा, भेसळीविना हाती आला याचा पुरावा. दहा वर्षांनी मुंबईत वालातून तेच झालं.

वाल रात्री भिजत घातले, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणले, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला की साल हातात राहते आणि डाळिंबी टुणकन् पातेल्यात जाते. माझी आई हे करताना कुणाशीही बोलायची नाही, कारण बोललं की डाळिंबी भलतीकडे उडायची. बंगळुरूत आल्यावर पहिल्याच थंडीत मी व्ही. व्ही. पुरमच्या बाजूला अवरेकाळूचा मेळा बघितला. रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, भिजवलेल्या दाण्याला तसाच चिमटा, तशीच सुटणारी डाळ. कन्नडमध्ये तिला हितकिद बेळे म्हणतात, दाबून काढलेली डाळ. वाल, पावटा, अवरे, शास्त्रीय नावाने पाहिलं तर सगळे एकाच जातीचे. गावाचं नावही म्हणे 'बेंद काळूं'वरून पडलं. रानात वाट चुकलेल्या होयसळ राजाला म्हातारीने उकडलेले दाणे दिले, ते हे. नवव्या शतकातल्या बेगूरच्या शिलालेखात बंगळुरू हे नाव आधीच कोरलेलं आहे, तेव्हा कथा कथाच. पण दाणे उकडलेले होते, कच्चे नव्हते, एवढं त्या म्हातारीला कळत होतं. भिजवणं, मोड आणणं, सोलणं, शिजवणं यांनी वाल पोटाला का मानवतो, त्यातलं शिजवण्याचं मोठं कारण कमलाबाईंनी बाटलीत धरून दाखवलं.

वालाचं टिपण आलं त्या 1955 सालीच, 'सायन्स' या अमेरिकी नियतकालिकात यूजीन गारफील्ड नावाच्या तिशीच्या माणसाने एक कल्पना मांडली. वकील लोक एखाद्या निकालाचा पुढे कुठे-कुठे आधार घेतला गेला याच्या याद्या ठेवतात. विज्ञानात तसं का करू नये? निबंधाच्या शेवटी असलेल्या संदर्भांची उलटी सूची करायची, म्हणजे जुना निबंध हातात घेऊन त्याला पुढे कुणी-कुणी आठवलं हे शोधता येईल. त्यातून 1964 पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नियमित निघू लागला. मूळ हेतू वाट शोधण्याचा. पण मोजता येतं म्हटल्यावर माणसं मोजतातच. 1975 पासून नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर छापून येऊ लागले. 2005 साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने माणसाला लावायचं माप काढलं. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा सायटेशन्स आहेत त्याचा एच-इंडेक्स दहा. अकरा हवा असेल तर अकरा निबंध आणि प्रत्येकी अकरा. सोपं, स्वस्त, आणि समितीतल्या पाचही जणांना दोन मिनिटांत कळणारं. ज्याचा एकच निबंध पाच हजार वेळा आठवला गेला त्याचा एच-इंडेक्स एक.

कमलाबाईंची कारकीर्द बरीचशी या यंत्राच्या आधीची. मागचे खंड पुढे त्यात भरले गेले, तरी त्यांना त्या चौकटीत कोंबून 'त्यांचा एच-इंडेक्स किती' असं विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही. आकडा निघतो, पण अर्ध्या बाईचा निघतो.

शिवाय निबंध विसरला जाण्याची दोन अगदी उलट कारणं असतात आणि आकड्याला त्यांतला फरक कळत नाही. एक कारण, कुणी वाचलाच नाही. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 साली 'नेचर'मध्ये दाखवलं की कॉलऱ्याचे जंतू गाळून टाकलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी भरतं, म्हणजे जुलाब करतं ते त्यांचं विष. आज कॉलऱ्याचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे, पण सुरुवातीची कित्येक वर्षं जगाने तिकडे लक्षच दिलं नाही. मौज अशी की डे यांची थोरवी ओरडून सांगणाऱ्यांत पुढे स्वतः गारफील्ड होते, आणि डे गेल्यावर पाच वर्षांनी, 1990 साली, त्यांच्यावर खास अंक काढला तो बंगळुरूच्या 'करंट सायन्स'ने. याच 'करंट सायन्स'चे संपादक पी. बलराम यांनी पुढे वर्षानुवर्षं संपादकीयांतून इम्पॅक्ट फॅक्टरच्या हव्यासावर लिहिलं. संस्थांच्या समित्यांनी ती संपादकीयं वाचली असतील. अर्जातला रकाना मात्र हलला नाही.

दुसरं कारण, निबंध इतका मुरला की त्याचं नाव घ्यायची गरज उरली नाही. जी. एन. रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्याबरोबर 1963 साली मद्रासमध्ये प्रथिनाची साखळी कुठे वळू शकते आणि कुठे नाही याचा नकाशा काढला. मग ते बंगळुरूला आले. आता जगभर कुठेही प्रथिनाची रचना छापताना 'रामचंद्रन प्लॉट' तपासतात, आणि पुष्कळजण मूळ निबंधाचा उल्लेख न करताच तपासतात. पाणी हायड्रोजन-ऑक्सिजनचं असतं हे लिहिताना कुणी तळटीप देत नाही. वनस्पतींच्या श्वसनात सायटोक्रोम ऑक्सिडेज असतं, हे वाक्यही आता तसंच.

उलट, जुना निबंध भलत्याच शेतात उगवतो तेही पाहण्यासारखं. वालातले रोधक हे माणसाच्या ताटातलं विघ्न म्हणून अभ्यासले गेले. मग 1972 साली अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की किडीने पान कुरतडलं की टोमॅटोचं झाड असलेच रोधक तयार करतं. म्हणजे झाडाने ते आपल्यासाठी केलेच नव्हते, अळीसाठी केले होते. 1990च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हरभरा आणि घाटेअळी यांची हीच लढाई तपासली गेली; अळीच्या आतड्यातली विकरं हरभऱ्याच्या रोधकांना पुरून उरतात असं दिसलं. कमलाबाईंचा विषय आहारशास्त्रातून निघून असा शेताच्या बांधावर पोचला. वालाचंच दुसरं काम, साळगरकर आणि सोहोनी यांचं 1965चं, रक्तातल्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणाऱ्या प्रथिनावर आहे. अशा प्रथिनांना आता लेक्टिन म्हणतात, आणि बंगळुरूत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये एम. विजयन, अवधेश सुरोलिया यांच्या गटांनी शेंगदाण्याच्या लेक्टिनची रचना उलगडली. वाल काय, शेंगदाणा काय, दोन्ही वाण्याकडचेच.

सहलेखकांबद्दल थोडं. श्रीनिवासय्या, रिक्टर, हिल, आंबे, साळगरकर. कमलाबाईंच्या निबंधावर बहुधा दोन नावं असतात, एक शिकवणाऱ्याचं आणि एक शिकणाऱ्याचं, आणि वीस वर्षांत त्या शिकणाऱ्याच्या जागेवरून शिकवणाऱ्याच्या जागेवर आलेल्या दिसतात. आजच्या निबंधावर नावांची वरात असते. 2015 साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या एका निबंधाला 5,154 लेखक होते. वैद्यकातल्या जागतिक पाहण्याही शेकड्यांनी लेखक घेऊन निघतात. त्यांत एखाद्याने नक्की केलं काय हे त्याच्या बायकोलाही सांगता येणार नाही, पण आमच्या यंत्रात ते निबंध त्याच्या खात्यावर पूर्णच जमा होतात. नावांच्या घोळावर मात्र उपाय म्हणून 2012 पासून संशोधकाला 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी क्रमांक घेता येतो. नाव बदला, देश बदला, क्रमांक तोच. बढतीच्या अर्जासाठी आलेल्या त्या बाईंना मी तो काढून दिला. अंगठी आणि तांदूळ यांचीच ती सुधारित आवृत्ती आहे, असं म्हणाल्या.

या सूचीत न बसणाऱ्या गोष्टी पुस्तकात शेवटी घेतल्या आहेत, पण माझं चाललं असतं तर आधी घेतल्या असत्या. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास केला. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना तिचा उपयोग होतो असं दाखवलं, आणि त्या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. आरे दूध प्रकल्पाला दुधाच्या प्रतीबद्दल सल्ला दिला. 1966 साली मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी उभी राहिली, तिच्या त्या संस्थापकांपैकी आणि पुढे अध्यक्ष. संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्या ग्राहकांसाठी लिहीत. भेसळ ओळखायला शिकलेल्या गृहिणीने वाण्याशी घातलेला वाद कुठल्याही इंडेक्समध्ये येत नाही. 1998 साली, दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केलेल्या सत्काराच्या वेळी त्या व्यासपीठावरच कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात गेल्या.

प्रत्येक निबंधाच्या टिपणात तीनच गोष्टी दिल्या आहेत: प्रश्न काय होता, हातात साधन काय होतं, उत्तराचं पुढे काय झालं. सायटेशन्सचे आकडे छापलेले नाहीत. प्रकाशकांनी सुचवलं होतं, की मुलांना स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतील. मी नको म्हटलं. हे आकडे छापून येईपर्यंत शिळे होतात, आणि एकदा रकाना दिसला की माणूस बाकीचं वाचत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेतल्या अनुरा कुरपाड आणि सहकाऱ्यांचे अलीकडचे निबंध पाहावेत. खुणेचे समस्थानिक वापरून डाळीतलं प्रथिन जिवंत माणसात खरोखर किती पचतं हे ते मोजतात, आणि मुगाची सालं काढल्यावर ते जास्त पचतं असं त्यांना आढळलं. 1935ला जो प्रश्न टाटा इन्स्टिट्यूटमध्ये केल्डालच्या चंबूत शिजत होता, तो गावाच्या दुसऱ्या टोकाला अजून शिजतो आहे.

एक संपादकीय खुलासा. सूची वर्षांच्या क्रमाने आहे आणि प्रत्येक नोंदीत नाव निबंधावर छापलं आहे तसंच ठेवलं आहे, 'व्ही'चं 'डब्ल्यू' न करता. त्यामुळे 1947च्या पुढे गेल्यावर वाचकाला 1951 साली मधेच पुन्हा 'भागवत, के.' भेटेल. मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांनी तिथे दोनदा काट मारून समासात 'सोहोनी' लिहिलं, दुसऱ्या वेळी तर शेजारी प्रश्नचिन्हही नव्हतं. दोन्ही वेळा मी ते परत 'भागवत' केलं आहे.